‘खाल्ल्या मिठाला जागेन’ एवढ्यावर नोकर उभा राहत नाही : मालिका आणि नाटकं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मालिका, नाटकं आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे लेखक, तसंच वाहिन्यांचे कथाविभाग यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र नोकरांबद्दल आहे, तुमच्या संहितांमधल्या. रामूकाका, गंगूबाई, दिवाणजी, दासी, खिजमतगार अशी नावं आणि काळ बदलत राहतात, माणूस मात्र तोच. वाड्यात वीस वर्षं काढलेला. त्याला गाव नाही, पगार नाही, रजा नाही, त्याचे गुडघे दुखत नाहीत. मालकिणीला ठसका लागला की तांब्या-भांडं घेऊन हजर, खलनायक कट शिजवायला बसला की दाराआड हजर आणि शेवटी बंदूक निघाली की छाती पुढे करायला हजर. मरताना तो ‘खाल्ल्या मिठाला जागलो’ म्हणतो, मालक डोळे टिपतो आणि पुढच्या भागात त्याचं नावही कोणी काढत नाही.

आम्ही संहिता वाचणारी, तपासणारी, तालमीच्या वेळी नको ते प्रश्न विचारून लेखकांना हैराण करणारी माणसं आहोत. निष्ठा दाखवू नका, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. ती कुठपर्यंत जाते आणि कुठे अडते हे लेखकाने आधी पक्कं केलेलं नसेल, तर प्रेक्षकाला ती दिसतच नाही, इतकंच. आणि ही अडण्याची जागा नुसत्या भावनेवर ठरत नाही. पगार किती आणि तो किती महिने थकलाय, बाहेर पडायला दार आहे का, पळून गेला तर मागे कोण अडकतं, मालकाची कोणती गोष्ट त्याला ठाऊक आहे, यावर ती ठरते.

याचा वस्तुपाठ आपल्या घरातच पडून आहे. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांनी संगीत नाटक करून मराठी रंगभूमीवर आणलं, त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्या ओळखीचे आहेत. पण एकदा मूळ नाटकाचे आठवा आणि दहावा हे दोन अंक फक्त स्थावरकासाठी वाचा. स्थावरक म्हणजे राजाचा मेहुणा शकार याचा गाडीवान, जन्माने दास. गाड्यांच्या अदलाबदलीत वसंतसेना चुकून त्याच्या गाडीत बसते आणि थेट शकाराच्या बागेत येऊन पोचते. ती आपल्याला नाकारते म्हटल्यावर शकाराला तिचा जीव घ्यायचा आहे, पण स्वतःच्या हाताने नको. आधी तो विटाला सांगतो. विट हा त्याच्या पदरी असलेला, शिकलेला, बोलका माणूस. तो कानावर हात ठेवतो. मग पाळी येते स्थावरकाची.

हा संवाद कसा बांधलाय ते नीट पाहा. शकार म्हणतो, तुला सोन्याची कडी देईन. स्थावरक म्हणतो, घालेन. सोन्याचं आसन करून देईन. बसेन. माझं उरलंसुरलं सगळं खायला देईन. खाईन. सगळ्या नोकरांचा मुख्य करीन. होईन. म्हणजे हा माणूस लोभाच्या पलीकडचा संत नाही. देतील ते घ्यायला तो तयार आहे. मग काम सांगितलं जातं आणि तो अडतो. माझ्या शरीरावर धन्याची सत्ता आहे, चारित्र्यावर नाही, असं तो सांगतो. कोणाला घाबरतोस, या प्रश्नावर उत्तर येतं, परलोकाला. तो कसा असतो? पुण्याचं फळ म्हणजे धन्यासारखा सोन्याने मढलेला माणूस, पापाचं फळ म्हणजे माझ्यासारखा दुसऱ्याच्या घासावर जगणारा. मागच्या पापाने दास झालो, आता आणखी पाप विकत घेणार नाही.

चार ‘हो’ आणि मग एक ‘नाही’. ‘नाही’ला वजन येतं ते आधीच्या चार ‘हो’मुळे. तुमचा नोकर पहिल्या भागापासून बाणेदार असतो, म्हणून त्याचा नकार फुकट जातो. दुसरं म्हणजे नकाराचं कारण स्थावरकाचं स्वतःचं आहे. मालक वर आणि दास खाली हीच जगाची रीत, हे त्याला मान्य आहे. त्या रीतीच्या आतच त्याने आपली जागा शोधलीय. तिथे समतेवर भाषण ठोकणारा गाडीवान उभा केला असता तर तो लेखकाचा माणूस झाला असता, शकाराचा नाही.

आता किंमत. स्थावरक मार खातो, आणि त्याच्या नकाराने खून टळत नाही. शकार त्याला आणि विटालाही बाजूला पाठवतो आणि स्वतःच वसंतसेनेचा गळा आवळतो. (ती वाचते, पण हे त्या घटकेला कोणालाच ठाऊक नाही.) परत आलेला विट ते पाहतो आणि शकाराला सोडून सरळ राजाविरुद्धच्या बंडखोरांना जाऊन मिळतो. स्थावरक मात्र बेड्या घालून वाड्याच्या वरच्या मजल्यावर कोंडला जातो. त्याच बागेत दोघांना तेच काम सांगितलं गेलं, नकारही दोघांनी दिला. पण एकाला जायला वाट होती, दुसऱ्याला नव्हती. पदरचा माणूस आणि जन्माचा दास यांतला हा फरक नाटककाराने कुठेही समजावून सांगितलेला नाही. दोघांना दोन बाजूंनी रंगमंचाबाहेर पाठवलंय, बस.

दहाव्या अंकात तर याहून पुढची गोष्ट आहे. वसंतसेनेच्या खुनाच्या खोट्या आळावरून चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेताना दवंडी ऐकू येते, तेव्हा स्थावरक खिडकीतून खाली उडी टाकतो. बेडी तुटते. तो धावत येऊन खरं काय ते सगळ्यांदेखत सांगतो: गाडी मी नेली, खून माझ्या धन्याने केला. तुमच्या मालिकेत इथे ढोल वाजतात, पोलीस वळतात, मालकाच्या हातात बेड्या पडतात. शूद्रकाच्या नाटकात शकार हळूच स्थावरकाच्या हातात सोन्याचं कडं देतो, साक्ष फिरव म्हणून. स्थावरक ते वर धरून लोकांना दाखवतो. शकार ते हिसकावून घेत म्हणतो, हेच ते चोरलेलं सोनं, याच्याचसाठी मी याला मारलं आणि बांधून घातलं, विश्वास नसेल तर याची पाठ बघा. पाठीवर वळ असतातच. साक्षीदाराच्या अंगावरचा मारच त्याच्या साक्षीविरुद्ध पुरावा ठरतो! लोकांना पटतं, चिडलेला नोकर काय वाटेल ते बोलेल. दासपण असंच असतं, खरं बोललं तरी कोणी मानत नाही, असं म्हणून स्थावरक चारुदत्ताच्या पाया पडतो आणि माझी ताकद एवढीच, असं सांगतो. शेवटी सगळ्यांना पदं आणि बक्षिसं वाटली जातात तेव्हा त्याच्या वाट्याला एक ओळ येते: हा आजपासून दास नाही.

नोकराच्या निष्ठेवर लिहिणाऱ्याने या दोन अंकांची पारायणं करावीत. नंतर बाकीचं.

बाकीच्यात पहिला नंबर सांको पांझाचा. ‘डॉन किहोते’मध्ये मालक आणि सेवक यांच्यातला सगळा व्यवहार सर्व्हांतेसने पैशाच्या भाषेतही चालू ठेवलाय. पूर्वीच्या सरदारांचे सेवक महिन्यावर होते की रोजावर, हे सांको पहिल्या भागातच विचारून घेतो. दुसऱ्या भागात तो बांधील पगार मागतो आणि मालक साफ नाही म्हणतो. पुढे डुलसिनियाची, म्हणजे डॉन किहोतेच्या मनातल्या प्रेयसीची, जादूतून सुटका व्हायला सांकोने स्वतःला ३,३०० फटके मारून घ्यावेत असं ठरतं. मालकाला घाई, सेवकाला नाही. एका रात्री डॉन किहोते स्वतःच त्याला फटके मारायला जातो तेव्हा सांको त्याला खाली पाडून छातीवर गुडघा रोवतो आणि जबरदस्ती करणार नाही असं कबूल करून घेतो. त्याची हद्द ही आहे. त्याच्याबरोबर वेडात फिरणं चालेल, उपास चालेल, परक्यांचा मार चालेल, पण मालकाचा हात अंगावर पडलेला चालणार नाही. शेवटी सौदा होतो: फटक्याला पाव रियाल, ३,३०० फटक्यांचे ८२५ रियाल. सहा-आठ फटके बसताच भाव परवडत नाही अशी कुरकुर, मालकाकडून भाव दुप्पट, आणि त्यानंतरचे फटके अंधारात झाडांच्या खोडांवर. हाच सांको मालकाच्या मरणशय्येपाशी ढसाढसा रडतो. तो रडतो ते आपल्याला खरं वाटतं, कारण झाडाला मारलेले फटकेही आपण मोजलेले असतात.

‘किंग लिअर’मध्ये ग्लॉस्टरचा डोळा काढला जात असताना आपल्याच मालकावर, कॉर्नवॉलवर, तलवार उपसणारा नोकर बिननावाचा आहे. लहानपणापासून तुमची चाकरी केली, आता थांबा म्हणतोय याहून मोठी चाकरी कधी केली नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. कॉर्नवॉलची बायको रेगन त्याला पाठीमागून भोसकते, पण त्याने केलेल्या जखमेने कॉर्नवॉल मरतो. त्याच नाटकात ऑस्वल्ड आहे, शेवटच्या श्वासापर्यंत मालकिणीची पत्रं पोचवायच्या चिंतेत असलेला. निष्ठेच्या मापाने तो, हाकलला गेल्यावरही वेष बदलून राजाची चाकरी करणाऱ्या केंटच्या तोडीचा आहे, आणि तरीही नीच आहे. निष्ठा हा सद्गुण धरून चालणाऱ्यांनी ऑस्वल्डला विसरू नये.

ज्यांना हद्द न ओलांडणाऱ्या नोकरावर लिहायचंय त्यांच्यासाठी काझुओ इशिगुरोची १९८९ची ‘द रिमेन्स ऑफ द डे’. लॉर्ड डार्लिंग्टन दोन ज्यू मोलकरणींना काढून टाकायला सांगतात आणि बटलर स्टीव्हन्स काढतो. त्याला ते पटत नाही, पण पटणं हा आपला प्रांतच नाही असं तो स्वतःला बजावतो. घर सांभाळणारी मिस केंटन संतापते, मुली गेल्या तर मीही जाईन म्हणते, आणि जात नाही. जायला जागा नव्हती, भीती वाटली, हे ती नंतर कबूल करते. तिकडे मालकालाही कालांतराने चुकल्यासारखं वाटतं, तोवर मुलींचा पत्ता राहिलेला नसतो. दोन मोलकरणींचं हे छोटं प्रकरण आहे, त्यात कोणी मरत नाही, आवाजही फारसा चढत नाही. मराठीत असा एक प्रसंग लिहून पाहा. वाहिनीला तो थंड वाटेल, हे आम्हाला माहीत आहे, तरी लिहा.

मालकाच्या बाजूलाही हद्द असते आणि ती आपल्याकडे जवळपास कोणीच लिहीत नाही. टॉल्स्टॉयच्या १८९५च्या ‘मालक आणि नोकर’ या कथेत व्यापारी ब्रेखुनोव्हकडे निकिता कामाला आहे. त्याच्या कामाचं मोल वर्षाला ८० रूबल. मालक देतो ४०, तेही थोडे थोडे करून, आणि बरेचसे आपल्याच दुकानातल्या मालाच्या रूपात, चढ्या भावाने. निकिताला हे कळतं. पण हिशेब मागण्यात अर्थ नाही, दुसरी जागा मिळेपर्यंत देतील ते घ्यावं, असा त्याचा सरळ विचार. पुढे बर्फाच्या वादळात हाच मालक आधी त्याला टाकून घोड्यावरून निघून जातो, भरकटून परत येतो, आणि मग आपला कोट उघडून त्याच्यावर पालथा पडतो, त्याला ऊब मिळावी म्हणून. सकाळी मालक मेलेला, निकिता जिवंत, पायाची तीन बोटं गेलेली. त्या ८० आणि ४०च्या आकड्यांशिवाय हा शेवट गोडगोड झाला असता. आकडे आधी आल्यामुळे वाचक मालकाला सहजासहजी माफही करू शकत नाही.

चेखवच्या ‘चेरीच्या बागे’तला म्हातारा फिर्स याच्या उलट. आयुष्यभर त्याने मालकांचे कोट सांभाळले. घर विकलं जातं, सगळे गाड्यांत बसून निघून जातात आणि ८७ वर्षांचा आजारी फिर्स बंद घरात राहून जातो. कोणी दुष्टपणा केलेला नाही. त्याला दवाखान्यात पाठवलं असेल असं प्रत्येकाला वाटलं.

आता ऐतिहासिक लेखन. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो प्रसंग मराठीत किती वेळा लिहिला गेला असेल! धन्याच्या अंगावर पडून वार झेलणारा चाफाजी टिळेकर आणि मारेकऱ्यांना सामील झालेला तुळाजी पवार, दोघे चाकरच. पण लेखक एकाला देव करतात, दुसऱ्याला साप, आणि गारद्यांना तर नुसते राक्षस. गारदी आत शिरले ते थकलेल्या पगाराचं निमित्त पुढे करून. ते निमित्त चाललं, कारण पगार थकणं ही तिथली नेहमीची गोष्ट होती. भाडोत्री शिपाई, खासगीतला खिजमतगार आणि वतनदार यांच्या निष्ठेची जात वेगळी असते. शिपायाची महिन्यावर, खिजमतगाराची व्यक्तीवर, वतनदाराची जमिनीवर. मालक बदलला तरी वतन टिकावं हीच त्याची पहिली काळजी. तिघांच्या तोंडी एकच ‘स्वामिनिष्ठा’ घातली की तिघेही खोटे होतात.

आजच्या घराबद्दल लिहिताना चूक याच्या उलट होते. तुमची ‘ताई’ एकाच घरात दिवसभर असते. प्रत्यक्षात पुण्या-मुंबईत बहुतेक बायका कामावर पैसे ठरवतात: धुणं वेगळं, भांडी वेगळी, केर-फरशी वेगळी, पोळ्या वेगळ्या. चार-पाच घरं धरलेली बाई एक घर सोडू शकते. तिचं पोट एका मालकिणीच्या मर्जीवर नसतं. चोवीस तास राहणारी मुलगी तसं करू शकत नाही, कारण नोकरी गेली की छप्परही जातं. म्हणून एकाच अपमानावर पहिली उलट बोलेल आणि दुसरी गप्प बसेल. स्वभावाचा प्रश्न नंतरचा. १९८०मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून संघटना उभी राहिली, २००८मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तुमच्या स्वयंपाकघरांत यातलं काहीच कधी पोचलेलं नाही.

बांधून ठेवणारी खरी दोरी म्हणजे उचल. समजा मुलीच्या लग्नाला ३०,००० उचल घेतली आणि पगारातून महिन्याला १,५०० कापले जातात. म्हणजे २० महिने ही बाई बोलणी खाऊन राहणार. बाराव्या महिन्यात तिला मालकाचं गुपित कळलं तर तिच्या डोक्यात पहिला आकडा येईल तो उरलेल्या १२,०००चा. आता तिला गप्प राहायला लावा किंवा बोलायला लावा, दोन्हीत नाट्य आहे. उचल नसेल तर ती गप्प का राहिली याचं कारण तुम्हाला ‘निष्ठा’ म्हणून वरून चिकटवावं लागतं.

काम सुरू करण्याआधी नोकर-पात्रासाठी एक पान लिहून काढा. पगार कोण देतो, घरातला मालक की मालकीण? (तंटा झाला की तो देणाऱ्याकडे झुकतो.) रोख की खात्यावर? झोपतो कुठे, जेवतो कधी, कोणत्या ताटात? वर्षातून गावी किती दिवस जातो आणि तिथे त्याची वाट कोण बघतं? घरातल्या किल्ल्यांपैकी कोणती त्याच्याकडे असते? मग मालक सांगू शकेल अशी कामं चढत्या क्रमाने लिहा: खोटा निरोप देणं, पत्र दाबून ठेवणं, दुसऱ्या नोकरावर आळ घेणं, कोर्टात खोटी साक्ष, मारहाण. कोणत्या कामावर हा माणूस थांबेल तिथे रेघ मारा. ती रेघ पहिल्या कामावर नको, शेवटच्याही नको. तिसऱ्या-चौथ्यावर ठेवली की आधीच्या ‘हो’ची लाज नकाराच्या वेळी त्याच्याजवळ असते. दुसऱ्या नोकरावर आळ घेण्याच्या कामाकडे विशेष लक्ष द्या. मालकाशी निष्ठा आणि बरोबरीच्यांशी इमान यांची खरी गाठ तिथे पडते आणि आमच्या वाचनात मराठी संहिता नेमकी हीच पायरी गाळतात, कारण त्यांच्या घरात नोकर एकटाच असतो.

रेघ ओलांडली की त्याचं मोल लगेच फेडू नका. नकार दिलेल्या नोकराला त्याच भागात धाकट्या मालकिणीने मिठी मारून ‘तुम्ही घरचेच’ म्हटलं, की झालेलं सगळं पुसलं जातं. ‘घरचेच’ हे वाक्य मालकाच्या तोंडून येतं तेव्हा पगारवाढ टळते, हे प्रत्येक कामवालीला ठाऊक आहे. संवादलेखकालाही असू दे. आणि फितूर होणारा नोकर निव्वळ पैशासाठी फितूर होतो हे जरा कमी करा. बहुतेक वेळा आधी एखादी लहान गोष्ट झालेली असते: आजारपणाची रजा कापली, सगळ्यांदेखत पिशवी तपासली, मुलाच्या फीची रक्कम देतो म्हणून दिली नाही. पैसा नंतर येतो आणि त्याला फक्त निमित्त पुरवतो.

कथाविभागांना एक वेगळी विनंती. सलगतेच्या वहीत नायिकेच्या बांगड्यांची नोंद असते, तशी नोकराच्या पगाराची आणि उचलीची एक ओळ ठेवा. लेखक बदलले तरी ती पुढच्याला मिळेल. ज्या मालिकांचे शंभराच्या वर भाग झालेत आणि ज्यांत काकांना अजून गाव मिळालेलं नाही, त्यांनी काकांना चार दिवस रजेवर पाठवावं आणि चहा कोण करतं, औषधाची वेळ कोणाला ठाऊक आहे, तिजोरीच्या खोलीची किल्ली कुठे टांगलेली असते, हे शोधण्यात एक अख्खा भाग घालवावा. पाहुणे कलाकार लागत नाहीत, सेटही तोच.

आपले,
संहिता वाचणारे काही जण